दोन घरं, एक रूळ: शेजाऱ्यांच्या मॉडेल रेल्वे जोडण्याचं प्रकरण

या प्रकरणातली माणसं खरी आहेत, ओळख मात्र पुसली आहे. एका घरातल्या गृहस्थांना मी 'काका' म्हणतो, शेजारच्या घरातल्या बाईंना 'ताई'. ताईंचा तेरा वर्षांचा मुलगा पहिल्या दिवसापासून यात होता. दोन्ही घरांत माझं येणंजाणं आहे आणि वायरिंगचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे चुकांपैकी दोन सरळ माझ्या खात्यावर आहेत.

पार्श्वभूमी

काकांचा लेआउट, म्हणजे खोलीत मांडलेला छोट्या रेल्वेचा पसारा, जवळजवळ तीस वर्षांचा. एचओ मापाचा, म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर (गेज) १६.५ मिमी. इंजिनं जुन्या पद्धतीची: रुळांत शून्य ते १२ व्होल्ट डीसी सोडायचे, नॉब जितका फिरवाल तितका वेग. साठेक वॅगन, त्यांतल्या बऱ्याच त्यांनी स्वतः पत्रा आणि पुठ्ठा कापून केलेल्या.

ताईंचा लेआउट पाच वर्षांचा. मापही तेच, गेजही तेच. पण चालतो डीसीसीवर. रुळांत सतत १४-१५ व्होल्टची उलटसुलट होणारी वीज असते, तिच्यातच हुकूम मिसळलेले असतात आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर आपल्या क्रमांकाचा हुकूम तेवढा उचलतो.

दोन्ही खोल्या तळमजल्यावर, खिडक्या समोरासमोर, मध्ये ४.२ मीटर मोकळी जागा आणि कुंपणाची बुटकी भिंत. 'तुझ्या यार्डातला माल माझ्या गावाला आला पाहिजे,' असं काका एकदा ताईंना सहज म्हणाले. ताईंनी दुसऱ्याच दिवशी टेप आणली.

अडचण

आम्ही तिघांनी सुरुवातीला जी यादी केली, तिच्यात सगळं बांधकामच होतं: अंतर, उंची, पाऊस, वीज. काका आणि ताईंनी एकमेकांच्या गाड्या कशा स्वीकारायच्या, याचा त्या यादीत उल्लेखही नव्हता. पुढे जे बिघडलं त्यातलं निम्मं याच एका गोष्टीमुळे.

उंची गवंडी मोजतात तशीच मोजली, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने. नळीचं एक टोक काकांच्या खिडकीत, दुसरं ताईंच्या. ताईंचा रूळ काकांच्या रुळापेक्षा ११ सेंमी वर निघाला. सरळ ४.२ मीटरमध्ये हा चढ घेतला तर तो २.६ टक्के होतो, म्हणजे मीटरमागे २.६ सेंमी. मॉडेलसाठी हे अशक्य नाही. पण दोन घरांमधल्या, हात पोहोचत नाही अशा बंद नळकांड्यात चढ म्हणजे धोका: कपलिंग सुटलं की डबे मागे पळणार आणि कुठे थांबतील ते दिसणारही नाही. म्हणून मधला मार्ग सपाट ठेवायचा आणि चढ खोलीत, डोळ्यासमोर घ्यायचा, असं ठरलं.

कुणाच्या खोलीत, हा पहिला खरा निर्णय होता. काकांचा डोंगर आणि गाव हलवणं म्हणजे तीस वर्षांचं काम उचकटणं. ताई म्हणाल्या, 'काका, तुम्ही काहीही तोडू नका, माझी भिंत मोकळी आहे.' त्यांच्या भिंतीलगत ५.५ मीटर लांबीत २ टक्क्यांचा चढ बसला. पायथ्याशी त्यांनी हट्टाने एक कॅच सायडिंग घातली. तिथला सांधा एरवी नेहमी त्या आंधळ्या फाट्याकडेच वळलेला असतो, शेवटी फोमचा तुकडा. वरून सुटलेला डबा नळकांड्यात न जाता फोममध्ये शिरतो. तो फाटा आजवर चार वेळा कामी आला आहे.

तोललेले पर्याय

भिंतींना भोक पाडणं सगळ्यात सुबक दिसलं असतं. पण ताईंचं घर भाड्याचं. शिवाय भिंतीतलं भोक म्हणजे आगीला, उंदरांना आणि ओलीला दोन घरांमधला कायमचा रस्ता. हा पर्याय एका संध्याकाळीच बाद झाला.

दुसरा पर्याय कॅसेटचा. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन कोनपट्ट्या लाकडी फळीवर १६.५ मिमी अंतरात बसवायच्या, त्यांवर अख्खी गाडी उभी करायची, टोकं बंद करायची आणि फळी उचलून शेजारी न्यायची. खर्च नगण्य, घराला धक्का नाही. पण काकांना हे 'ताटात वाढून नेल्यासारखं' वाटलं. गाडी स्वतःच्या चाकांवर गेली पाहिजे, यावर ते ठाम होते. मला त्या वेळी त्यांचंच पटलं.

तिसरा पर्याय नुसता कागदी: गाडी एका घरात लपलेल्या यार्डात शिरते आणि शेजारी तशाच डब्यांची गाडी बाहेर पडते. यासाठी प्रत्येक वॅगन दुहेरी हवी, आणि काकांच्या हातच्या वॅगनींना जोड कुठून आणणार?

उरला तो खिडकीचा मार्ग. दोन्ही खिडक्यांतली एकेक काच काढून तिथे लाकडी फळी बसवायची, फळीतून बंद नळकांडं न्यायचं, आणि काच कपाटात जपून ठेवायची. घरमालकांची परवानगी ताईंनी लेखी घेतली, 'मागितल्यावर पूर्ववत करून देऊ' या शब्दांसह. हा कागद पुढे फार उपयोगी पडला.

बांधकाम

अ‍ॅल्युमिनियमच्या दोन चौकोनी नळ्या तुळयांसारख्या, त्यांवर प्लायवुडचा तळ, आत २५ सेंमी रुंद आणि २० सेंमी उंच जागा, वर बिजागऱ्यांची तीन झाकणं. मधला एकच खांब, तो काकांच्या हद्दीत, कुंपणापासून हातभर आत. दोन्ही तोंडांना पत्र्याच्या झडपा. गाड्या चालू नसतील तेव्हा झडपा बंद आणि वीज बंद, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला. हवेसाठी बाजूला भोकं ठेवली, त्यांवर बारीक जाळी.

झाकणं पारदर्शक पॉलिकार्बोनेटची केली. मुलाला अंगणातून गाडी जाताना बघायची होती आणि खरं सांगायचं तर आम्हालाही.

वीज: सगळ्यात जास्त वेळ खाल्लेला प्रश्न

डीसी आणि डीसीसी एकाच रुळावर भेटता कामा नयेत. इंजिनाची पुढची चाकं एका विजेवर आणि मागची दुसऱ्या विजेवर गेली, तर दोन्ही पुरवठे इंजिनाच्या अंगातून एकमेकांना भिडतात. काकांची सगळी इंजिनं डीसीसीवर न्यावीत असं मी सुचवलं. काकांनी एक जुनं इंजिन माझ्यासमोर उघडलं. मोटरचा एक ब्रश थेट लोखंडी सांगाड्याला टेकलेला. तो वेगळा केल्याशिवाय डिकोडर बसवला तर तो पहिल्याच फेरीत जळतो. असं प्रत्येक इंजिन सोलायचं, आणि त्यांतली काही काकांच्या वडिलांच्या हातची. तो विषय तिथेच संपला.

मग खऱ्या रेल्वेकडे पाहिलं. विजेच्या मार्गावर दोन वेगळ्या पुरवठ्यांमध्ये न्यूट्रल सेक्शन असतो: तारेचा वीज नसलेला तुकडा, गाडी तो वेगाच्या जोरावर पार करते. आम्ही काकांच्या खिडकीच्या आतल्या बाजूला, हात पोहोचेल असा ४० सेंमीचा निर्जीव रूळ टाकला. दोन्ही टोकांना, दोन्ही पट्ट्यांवर वीज अडवणारे प्लॅस्टिकचे जॉइनर. नळकांड्यातली वीज पूर्ण ताईंची, निर्जीव तुकड्याच्या अलीकडची पूर्ण काकांची.

आणि नियम केला: इंजिन कधीच पलीकडे जाणार नाही, जातील त्या फक्त वॅगन. काकांचं इंजिन वॅगन ढकलत आणून निर्जीव तुकड्याच्या कडेला थांबतं, पलीकडे ताईंचं इंजिन उभं असतं, कपलिंग बसतं, काका एका काडीने आपल्या बाजूचं कपलिंग सोडवतात. वॅगन साधारण १५ सेंमीची, त्यामुळे ४० सेंमीचा तुकडा ओलांडायला कमीत कमी तीन तरी वॅगन लागतात. हा हिशेब आधी केला नव्हता. पहिल्या दिवशी दोन वॅगनी मधोमध अडकल्या तेव्हा लक्षात आला.

दोन्हीकडची कपलिंगंही वेगळी: काकांची आकडा-कडीची, ताईंची मुठीसारखी मिटणारी. तीन ठेंगण्या वॅगनींना एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरं कपलिंग बसवलं. 'जोड-वॅगन' हे नाव मुलाने दिलं.

दोन घरांमध्ये तांब्याची तार न्यायची नाही, हेही ठरवायला हवं होतं. ते मी ठरवलं नाही, उलट बोलण्यासाठी इंटरकॉमची तार नळकांड्यातून ओढली. दोन घरांची वायरिंग वेगळी, अर्थिंग वेगळं. जवळपास वीज पडली तर तिचा झटका त्या तारेवरून एका घरातून दुसऱ्या घरात शिरू शकतो. ताईंच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने ती तार पाहून मला कडक शब्दांत सुनावलं. तार त्याच दिवशी निघाली. ही माझी पहिली चूक. तिच्या जागी मोबाइलवर बोलणं सुरू झालं, त्यातून पुढचा घोटाळा झाला.

तपासणी

पहिल्या महिन्यात काकांच्या वॅगनी ताईंच्या सांध्यांवर सारख्या घसरत होत्या. ताईंचे रूळ १.९ मिमी उंचीचे, काकांचे २.५ मिमीचे. जुन्या चाकांची खोल कड ताईंच्या रुळाच्या चिमट्यांवर टकटक आपटायची. शिवाय वजनं कमी. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे संघटनेची शिफारस एचओ वॅगनीसाठी १ औंस आणि वर दर इंच लांबीला अर्धा औंस अशी आहे, म्हणजे १५ सेंमीच्या वॅगनीला सुमारे ११३ ग्रॅम. काकांच्या पुठ्ठ्याच्या वॅगनी त्याच्या निम्म्याही भरत नव्हत्या.

एका बैठकीत साठपैकी फक्त चौदा वॅगनी पास झाल्या. काका गप्प झाले. आपल्या हाताने केलेली वस्तू दुसऱ्याच्या मापपट्टीवर नापास होते, तेव्हा ते लागतंच. ताईंनी तेव्हा एक चांगली गोष्ट केली: आपल्याही सगळ्या वॅगनी त्याच मापपट्टीवर काकांसमोर लावल्या. नऊ नापास झाल्या. त्यानंतर दोघांनी मिळून चाकं बदलली, तळाला शिशाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि प्रत्येक वॅगनीचं कार्ड केलं. कार्डावर सही असेल तीच वॅगन पलीकडे जाईल.

पहिला उन्हाळा

वीज नीट पोहोचावी म्हणून नळकांड्यातले सगळे जोड मी सोल्डर केले होते. ४.२ मीटरचा एकच अखंड रूळ. ही माझी दुसरी चूक.

एका दुपारी गाडी आत गेली आणि आलीच नाही. झाकण उघडलं तर गरम वाफ तोंडावर आली. मध्यभागी रूळ बोटभर बाजूला फुगला होता, दोन वॅगनी आडव्या. निकेल-सिल्व्हरचा रूळ मीटरमागे दर अंशाला सुमारे ०.०१७ मिमी वाढतो. थंडीतल्या १५ अंशांपासून पारदर्शक झाकणाखालच्या ६० अंशांपर्यंत जवळजवळ ३ मिमी. तेवढ्यात प्लायवुड उन्हाने वाळून आखडलं होतं. रूळ लांबला, तळ आखूड झाला आणि वाट मिळेल तिकडे रूळ वळला. खऱ्या रेल्वेचे रूळही कडक उन्हात असेच बाजूला फुगतात, म्हणून उष्णतेत वेगावर मर्यादा घालतात. हे मी वाचलेलं होतं, तरी केलं नाही.

दुरुस्ती सोपी होती. रूळ मीटर-मीटरचे कापले, मध्ये बारीक फटी सोडल्या, प्रत्येक तुकड्याला स्वतःची वायर दिली. प्लायवुडला सहाही बाजूंनी रंग दिला आणि तळ एकाच टोकाला पक्का केला, दुसरं टोक सरकतं ठेवलं. झाकणं पांढरी, अपारदर्शक केली. मुलासाठी मधल्या झाकणात उत्तरेकडे २० सेंमीची काच ठेवली आणि तिच्यावर उघडझाप करणारी फळी लावली.

'सोडते' आणि 'सोडा ते'

बांधकामाच्या चुका मापाने सापडल्या. ही चूक सापडायला वेळ लागला.

फोनवर काकांनी विचारलं, 'सोडू का?' म्हणजे वॅगन ढकलू का. ताईंच्या खोलीत गाडी चालू होती, त्यांना ऐकू आलं 'सोड का'. त्या म्हणाल्या, 'सोडते.' काकांना ऐकू आलं, 'सोडा ते.' दोघांनी एकदमच सोडलं. ताईंचं इंजिन नळकांड्यातून वेगात आलं आणि काकांनी ढकललेल्या सहा वॅगनींवर आदळलं. काकांची एक जुनी टाकी-वॅगन खिडकीच्या कडेवरून खाली फरशीवर पडली. तिची शिडी तुटली, ती अजूनही नीट बसलेली नाही.

इंग्लंडमध्ये नॉर्विचजवळ थॉर्प इथे १८७४ साली एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. दोन टोकांच्या कर्मचाऱ्यांमध्ये तारेच्या निरोपाचा गोंधळ झाला होता. त्यानंतर १८७८ मध्ये एडवर्ड टायर यांनी टॅब्लेटचं यंत्र आणलं: दोन स्टेशनांची यंत्रं विजेने जोडलेली, एका वेळी एकच चकती बाहेर येणार आणि चकती हातात असल्याशिवाय गाडी निघणार नाही. निरोप चुकीचा ऐकू येऊ शकतो, चकती हातात आहे की नाही यात चूक होत नाही.

ही गोष्ट सांगितल्यावर मुलाने कुठूनतरी पितळेचा एक गोल बिल्ला आणला. नियम एकच: ज्याच्याकडे बिल्ला, त्याचंच इंजिन हलणार. ताईंचं इंजिन जोड-वॅगन पुढे ढकलत येतं, बिल्ला तिच्यात ठेवलेला. निर्जीव तुकड्याशी ते थांबलं की काका हात घालून बिल्ला उचलतात. आता ताईंनी नॉबला हात लावायचा नाही. काका ढकलतात, जोडतात, सोडवतात, आपलं इंजिन मागे घेतात आणि बिल्ला परत जोड-वॅगनीत ठेवतात. मग एक बिनतारी दारघंटी दोनदा वाजते. पुढच्या चौदा महिन्यांत एकही टक्कर झाली नाही.

टक्कर नव्हे, पण एक अपघात झाला. मुलाने दिवे लागणाऱ्या चार प्रवासी डब्यांची गाडी पाठवली. बिल्ला होता, घंटी झाली, सगळं नियमाप्रमाणे. पण त्या डब्यांची कपलिंगं वीज वाहणारी होती. चारही डबे मिळून एक लांब तारच झाली आणि ती ४० सेंमीच्या तुकड्यावर पुलासारखी पसरली. ताईंचं बूस्टर, म्हणजे रुळांना वीज पुरवणारं यंत्र, लगेच बंद पडलं, त्याला तशी सोय असते. काकांच्या जुन्या कंट्रोलरला नव्हती, त्यातला ट्रान्झिस्टर जळाला.

भरपाई कुणी करायची, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ताईंना द्यायची होती, काका घेईनात. 'पोराकडून झालं, त्याचे पैसे कसले?' आठवडाभर गाड्या बंद होत्या. भांडण नव्हतं, पण दोघांनाही अवघडल्यासारखं झालं होतं. शेवटी ट्रान्झिस्टर मी बदलला आणि दोघांनी एक पान लिहून काढलं: नळकांडं दोघांचं निम्मं निम्मं, बिल्ला ज्याच्याकडे त्याची जबाबदारी, दुसऱ्याच्या वॅगनीची दुरुस्ती मालकच करील पण सामान समोरचा आणील, एक जण घरी नसेल तर झडपा बंद, आणि कुणालाही नको झालं तर महिनाभर आधी सांगून सगळं उतरवायचं.

फलित

दुसऱ्या वर्षी ताईंच्या घराच्या बाहेरच्या भिंतीचं काम निघालं. परवानगीच्या कागदाप्रमाणे नळकांडं उतरवलं, काच परत बसवली. एका दुपारचं काम. भिंतीत भोक असतं तर इथेच सगळं संपलं असतं.

मग तीन महिने कॅसेट चालली, तीच जी काकांनी नाकारली होती. मुलगा फळी उचलून फाटकातून न्यायचा, बिल्ला खिशात. मला वाटलं होतं की काका कंटाळतील. उलट त्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त माल हलला, कारण तोवर कार्डं, तपासणी आणि बिल्ला अंगवळणी पडले होते. नळकांडं परत चढवलं तेव्हा काका खूश झाले, पण कॅसेट त्यांनी ठेवून घेतली. दिव्यांचे डबे आता तिच्यावरूनच जातात.

आज करायचं झालं तर

मी कॅसेटपासून सुरुवात करीन. खिडकीला हात लावण्याआधी तीन महिने फळीवरून गाड्या नेल्या असत्या, तर नापास वॅगनी, न जुळणारी कपलिंगं आणि 'सोडते'चा घोळ हे सगळं काहीही न बांधता कळलं असतं. करारनाम्याचं पान पहिल्या आठवड्यात लिहीन, पहिल्या नुकसानीनंतर नाही. निर्जीव तुकडा ४० ऐवजी ६० सेंमीचा ठेवीन आणि काकांच्या कंट्रोलरच्या पुढे फ्यूज घालीन. आणि वॅगनींची तपासणी दोन्हीकडची एकाच दिवशी, एकाच टेबलावर ठेवीन.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. २ टक्के चढावर, वजन वाढवलेल्या सहा वॅगनींपुढे ताईंच्या इंजिनाची चाकं जागीच फिरतात. घाटात लावतात तसं मागून ढकलणारं बँकर इंजिन पायथ्याशी उभं करायचं, असं चाललं आहे. त्याला उभं राहायला जागा हवी आणि ती फक्त कॅच सायडिंगची आहे. ताई ती द्यायला तयार नाहीत. मलाही ती देऊ नये असंच वाटतं.